निम्मा भाव सांगण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत परदेशप्रवासातील खरेदीवर जो लेख अलीकडे प्रसिद्ध झाला, त्यातील मेक्सिकोविषयीचा भाग वाचून हे पत्र लिहीत आहे. बाजारांची वर्णने लेखकाने मन लावून केली आहेत आणि ती वाचताना मला तिथले रस्ते पुन्हा दिसले. तथापि हस्तकलेच्या कोणत्याही वस्तूचा भाव ऐकला की सरळ निम्म्याने मागावी आणि तिथून थोडेथोडे वर चढावे, हा जो सल्ला त्यात दिला आहे, तो मला मुळीच पटला नाही. तो सल्ला वाचून पुढच्या हंगामात अनेक मराठी कुटुंबे तसेच वागतील, म्हणून दुसरी बाजू आपल्या वाचकांपुढे यावी असे वाटते.

मी मूळची येवल्याची, विणकराच्या घरातली. वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षे पैठणी विणली. आम्ही भावंडे शाळेतून आलो की कांड्या भरायला बसत असू. पुढे मी नाशिकला शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि मागाशी असलेला रोजचा संबंध सुटला. मुलगी ह्यूस्टनला असते. गेल्या हिवाळ्यात तिच्याबरोबर मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका राज्यात नऊ दिवस राहण्याचा योग आला. तिला स्पॅनिश चांगले येते, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही आणि कारागिरांशी निवांत बोलता आले.

वाहाका शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये हे झापोतेक या मूळ रहिवासी लोकांचे गाव आहे. लोकरीच्या विणकामासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. तिथल्या ‘तापेते’ला गालिचा म्हणावे तर तो लव असलेला नसतो. आपली सतरंजी आणि आपली घोंगडी यांच्या मधली ती वस्तू, जाड, सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी. पहिल्या दिवशी आम्ही शहरातून ठरवलेल्या एका सहलीच्या गाडीने तिथे गेलो. गाडी मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या दालनापाशी थांबली, पाचेक मिनिटे रंग दाखवण्याचा कार्यक्रम झाला आणि उरलेला पाऊण तास विक्रीचा होता. वाटाड्याचा त्या विक्रीत वाटा असतो, हे तिथे कोणी फारसे लपवतही नाही. तो वाटा किमतीत धरलेला असल्यामुळे तिथे किंमत खाली आणता येते, आणि निम्म्या भावाचा सल्ला बहुधा अशाच दालनांच्या अनुभवातून जन्माला येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आपले आपणच गेलो. हमरस्त्यावरच्या फाट्यावर उतरलो, तिथून गावात जायला आपल्याकडच्यासारखीच तीन चाकी रिक्षा मिळाली, आणि गल्लीतल्या एका घराच्या दाराबाहेर वाळत घातलेल्या लडी दिसल्या म्हणून तिथेच थांबलो.

त्या घराच्या अंगणात जे पाहिले ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या म्हणण्याचा सारा आधार तेच आहे. पडवीत दोन माग होते. आमच्याकडचा माग खड्ड्याचा, विणकर जमिनीलगत बसतो आणि पाय खड्ड्यात असतात. इथे विणकर उभा राहून पावड्या, म्हणजे मागाखालच्या पायाने दाबायच्या पट्ट्या, दाबतो. हा पावड्यांचा माग स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तिथे आणला. त्याआधी तिथे कमरेला पट्टा बांधून विणायचा छोटा माग होता आणि त्यावर कापूस व घायपातीचे धागे विणले जात, कारण मेंढीच मुळी स्पॅनिशांबरोबर आली. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी लोकरीचे वेगळे गुंडाळे लटकत होते आणि विणकरीण तो तो रंग ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, तेवढ्याच भागात भरून पुन्हा मागे वळवत होती. एका रंगाची सीमा संपते तिथे शेजारच्या रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, येऊन भिडतो. पैठणीच्या काठात आम्ही नेमके हेच करतो. दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवण्याच्या त्या पद्धतीला आमच्याकडे कडियाल म्हणतात. रेशमाऐवजी लोकर आणि मोराऐवजी पायऱ्यापायऱ्यांची भौमितिक नक्षी, एवढाच फरक. ही नक्षी जवळच्या मित्ला गावातल्या प्राचीन वाड्यांच्या भिंतींवर दगडात बसवलेली आहे, आणि तीच लोकरीत उतरवायची तर एकेक पायरी मोजून उचलावी लागते. माणूस मागावर असला की बोलणे थांबते, हे मी लहानपणापासून पाहिले होते. त्या बाईही ओळ पुरी होईपर्यंत आमच्याकडे वळल्या नाहीत.

मग त्यांनी रंग दाखवला. फड्या निवडुंगाचे एक फड भिंतीला टांगलेले होते आणि त्यावर पांढऱ्या कापसासारखे पुंजके होते. त्यातला एक किडा काढून त्यांनी तळहातावर चिरडला तेव्हा गडद लाल डाग उमटला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, डाग केशरी लाल झाला. मग चिमूटभर चुना मिसळला आणि तोच डाग जांभळा झाला. एका पौंड रंगासाठी असे सुमारे सत्तर हजार किडे लागतात. वसाहतीच्या काळात चांदीच्या खालोखाल स्पेनने मेक्सिकोतून जी मौल्यवान वस्तू युरोपात नेली, ती म्हणजे हा वाळवलेला किडा. आपण मराठीत ज्या रंगाला किरमिजी म्हणतो, ते नावही किड्यावरूनच आलेले आहे. फक्त तो किडा जुन्या जगातला, झाडावर राहणारा, आणि हा निवडुंगावरचा. निळ्यासाठी तिथे नीळच वापरतात, पिवळ्यासाठी रानझेंडूच्या जातीची फुले, तपकिरीसाठी अक्रोडाची साल. प्रत्येक लड धुवायची, तुरटीत उकळायची, रंगात बुडवायची आणि सावलीत वाळवायची, आणि ढगाळ हवेत हे काम रेंगाळते.

आता भावाविषयी. दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब अशा एका तापेतेची किंमत त्यांनी 4800 पेसो सांगितली. त्या वेळच्या दराने एका पेसोला साधारण पाच रुपये धरले, तर चोवीस हजार रुपये. आमच्याबरोबर मुलीच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब होते. त्यांनी, लेखात सांगितल्याप्रमाणेच, शांतपणे 2400 म्हटले. बाईंनी राग केला नाही. तो तापेते गुंडाळून बाजूला ठेवला आणि आतून तेवढ्याच मापाचा दुसरा आणून पसरला. हा 2300 ला देते, म्हणाल्या. याची लोकर गिरणीतली, रंग पुडीचे, नक्षी मोठी आणि सोपी, चार दिवसांत होतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यातला फरक आम्हा सर्वांना दिसला. म्हणजे निम्म्या किमतीची वस्तू त्यांच्याकडे होतीच, ती निम्म्या कामाचीही नव्हती एवढेच.

घरी येऊन मी मुलीबरोबर हिशेब मांडला. बाईंच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या किमतीच्या तापेतेला विणकामाचे बारा दिवस आणि रंगकामाच्या वाट्याचे तीन, असे पंधरा दिवस लागले होते, आणि लोकर व रंगद्रव्ये यांना 1200 पेसो. उरलेल्या 3600 पेसोंना पंधराने भागले, तर रोजचे 240 पेसो पडतात. 2025 साली मेक्सिकोच्या बहुतेक भागात किमान वेतन दिवसाला 278.80 पेसो होते. म्हणजे पूर्ण किंमत मिळाली तरी त्या बाई किमान वेतनाच्या खालीच होत्या. निम्म्या भावात तीच मजुरी दिवसाला 80 पेसोंवर येते, म्हणजे आपल्या हिशेबाने चारशे रुपये, आणि ज्या कसबासाठी बारा-पंधरा वर्षे हात घडवावा लागतो त्याचे. माझ्या वडिलांनीही हा हिशेब कधी मांडला नाही, कारण मांडला असता तर त्यांना माग बंद करावा लागला असता. व्यापारी पहाटे येई, साडी उलगडून कुठेतरी एक दोष काढी आणि ठरलेल्या पैशांतून काही कापून घेई. आई आतल्या खोलीत उभी राहून ऐकत असे. तेओतित्लानच्या त्या पडवीत 2400 हा आकडा ऐकला, तेव्हा माझ्यापुढे ती खोली उभी राहिली, हे मी लपवत नाही.

मी घासाघीस सरसकट वाईट मानते असा समज होऊ नये. मेक्सिकोच्या आठवडी बाजारात ती चालते, आणि तिथले लोकही करतात. त्लाकोलुला गावात रविवारी भरणारा बाजार वाहाकाच्या खोऱ्यातला सर्वांत मोठा आठवडी बाजार म्हणून ओळखला जातो. तिथे टोपली घेताना, मिरच्या घेताना किंवा एकाच बाईकडून चार-पाच वस्तू घेताना, काही कमी कराल का, असे हसून विचारले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. बाई दहा-वीस पेसो सोडते किंवा वर एखादे छोटे काही ठेवते. पण तिथे सोडायची रक्कम ही सौजन्याची असते. आधी निम्मे सांगून समोरच्याला खोटे ठरवणे हा निराळा प्रकार आहे, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाशी तर तो करूच नये. तिथल्या अनेक घरांत आता बायकाच विणतात. पूर्वी तेओतित्लानला मागावर बहुतांशी पुरुष असत आणि बायका लोकर पिंजणे व कातणे करीत. पुरुष कामासाठी अमेरिकेकडे जाऊ लागले, तसा माग बायकांच्या हाती आला आणि त्यांनी सहकारी गटही काढले. आमच्या येवल्यात कांड्या भरणाऱ्या बायकांचे नाव साडीच्या किमतीत कुठेच नसायचे, त्यामुळे हे पाहून मला विशेष समाधान वाटले.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे वस्तू ओळखायची कशी. माझ्या मते पैसे वाचवण्याचा खरा मार्ग तोच आहे. पर्यटकांचे नुकसान मूळ कारागिराकडे दोनशे पेसो जास्त गेल्याने होत नाही, नकली वस्तूला अस्सलाचा भाव दिल्याने होते. लोकरीची शंका आली तर तापेतेच्या दशीतला एक धागा मागून घ्यावा आणि पेटवून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. कारागीर याला हरकत घेत नाही, उलट पुष्कळदा आपणहून दाखवतो. चांदी घ्यायची तर 925 हा ठसा पाहावा. बाजारात ‘आल्पाका’ नावाने स्वस्त दागिने मिळतात, त्यात चांदी अजिबात नसते. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तोच तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. पुएब्ला शहराची ‘तालावेरा’ ही चिनीमातीसारखी दिसणारी रंगीत भांडी घेताना तळाशी कारखान्याची सही आणि प्रमाणपत्राची खूण असते. ती नसेल तर ती वस्तू त्या शैलीची नक्कल समजावी, आणि नकलेच्याच भावाने घ्यावी. या तालावेराच्या कारागिरीला युनेस्कोने 2019 मध्ये स्पेनमधल्या मूळ परंपरेसह अमूर्त वारशाच्या यादीत घेतले आहे.

मातीच्या भांड्यांबद्दल मात्र घाईने पुढे जाता येत नाही, कारण त्यात आरोग्याचा प्रश्न आहे. मेक्सिकोच्या बाजारांत तपकिरी किंवा हिरव्या चकचकीत झिलईची फार देखणी कढयांसारखी भांडी मिळतात आणि ती स्वस्तही असतात. कमी आचेवर भाजलेल्या अशा पारंपरिक भांड्यांच्या झिलईत बहुधा शिसे असते. आंबट पदार्थात ते उतरते. आपल्या घरात अशा भांड्यात चिंचेचे सार, सोलकढी, टोमॅटोची आमटी किंवा लोणचे ठेवले जाण्याची शक्यता किती आहे, हे मी सांगायला नको. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिसेविरहित झिलई वापरणारे कुंभार आता तिथे आहेत, म्हणून विकत घेताना ‘सिन प्लोमो’ म्हणजे शिशाविना का, असे अवश्य विचारावे. तरीही खात्री नसेल तर ते भांडे शोभेला ठेवावे, अन्नासाठी वापरू नये.

याच्या उलट सान बार्तोलो कोयोतेपेक या गावची काळी भांडी. ती वाहाका शहराच्या दक्षिणेला, अर्ध्या तासावर मिळतात. त्यांना झिलई नसते, चमक असते ती घोटण्याची. पूर्वी हे गाव मेस्काल नावाची दारू आणि पाणी साठवण्याचे करडे, मंद रंगाचे रांजण करीत असे. 1950च्या दशकात त्याच गावच्या दोन्या रोसा या कुंभारणीने भांडे पूर्ण वाळण्याआधी गारगोटीने घोटून आणि धुरात कोंडून भाजून चकचकीत काळा रंग मिळवला, आणि गावाचा सारा धंदाच बदलला. या घोटलेल्या भांड्याची आच कमी ठेवावी लागते, त्यामुळे त्यात पाणी टिकत नाही, पाझरते. दुकानदार हे दरवेळी सांगतोच असे नाही. आमच्या ओळखीच्या एकांनी फुलदाणी म्हणून आणलेल्या भांड्यात पाणी भरले आणि सकाळी टेबलावर डाग पडलेला पाहून वस्तू नकली निघाली असा ग्रह करून घेतला. ती अस्सल होती. तिच्यात सुकी फुले ठेवायला हवी होती.

रंगीबेरंगी लाकडी प्राण्यांविषयी लेखात जे लिहिले आहे ते बरोबर आहे. फक्त ‘आलेब्रिहे’ हे त्यांचे नाव प्राचीन नाही, हे सांगायला हवे. मेक्सिको सिटीतल्या पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्याच्या कारागिराने 1936च्या सुमारास आजारपणात दिसलेले विचित्र प्राणी घडवले, आणि ते नाव तिथून सुरू झाले. वाहाकातल्या आर्रासोला आणि सान मार्तिन तिल्काहेते या गावांनी पुढे ते कोपाल झाडाच्या लाकडात आणले. कोपाल हे आपल्या गुग्गुळाच्या कुळातले झाड, त्याचा डिंक तिथे धुपासारखा जाळतात. लाकूड ओले असताना कोरतात आणि मग कित्येक आठवडे वाळू देतात. नीट न वाळलेल्या वस्तूला पुढे तडा जातो किंवा कीड निघते. बारीक भोके आणि भुसा दिसला तर वस्तू घेऊ नये. घरी आणल्यावर शंका आलीच, तर पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवण्याची तिकडे रीत आहे. लाकडी वस्तू सीमाशुल्क तपासणीत न लपवता जाहीर करावी.

प्राचीन अवशेषांविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पुरातन स्थळांच्या बाहेर काही माणसे कागदात गुंडाळलेली छोटी मूर्ती दाखवून शेतात सापडली म्हणून सांगतात. ती बहुधा नवीच असते, पण खरी असेल तर ती बाळगणे अधिक वाईट, कारण मेक्सिकोच्या 1972च्या कायद्याने स्पॅनिशपूर्व काळातील वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

आता जो मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो, त्याकडे येते. 2025च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मूळचा उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा आपण सारे संतापलो, आणि ते योग्यच होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहाकाच्या डोंगराळ भागातल्या यालालाग गावच्या चामड्याच्या विणीव चपलेची नक्कल केल्याबद्दल आदिदास या कंपनीवर तिथल्या सरकारने आक्षेप घेतला, आणि कंपनीच्या प्रतिनिधींना त्या गावात येऊन माफी मागावी लागली. त्या देशात जानेवारी 2022 पासून मूळ रहिवासी समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा स्वतंत्र केंद्रीय कायदाही आहे. दोन खंडांतल्या दोन चपला, दोन महिन्यांच्या अंतराने, सारख्याच कारणाने बातमीत आल्या. ज्या वाचकांनी कोल्हापूरच्या चर्मकारांच्या बाजूने इतक्या तळमळीने पत्रे लिहिली, तेच वाचक तिकडच्या कारागिराला निम्मा भाव सांगायला तयार होतात, हे मला फार लागते. मोठी कंपनी नाव घेत नाही आणि आपण दाम देत नाही. कारागिराच्या घरात दोन्हींचा परिणाम एकच होतो.

नक्षीच्या मालकीचा प्रश्न सोपा नाही, हेही मान्य करते. तेओतित्लानच्याच विणकरांनी एके काळी अमेरिकन व्यापाऱ्यांच्या मागणीवरून अमेरिकेतल्या नावाहो या मूळ रहिवासी लोकांच्या नक्ष्या विणल्या, आणि त्या स्वस्त मालाचा नावाहो विणकरांना त्रास झाला. पिकासो व मिरो यांच्या चित्रांचे तापेतेही तिथे विणले गेले. मात्र त्या व्यवहारातही भाव व्यापाऱ्याने ठरवला होता, विणकराने नाही.

खाण्याच्या वस्तूंची खरेदी लेखात दोन ओळींत उरकली आहे, तिथे मला आणखी लिहावेसे वाटते. वाहाका शहरात ‘वीस नोव्हेंबर’ नावाचा बाजार आहे आणि त्याच्या लगतच्या रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. रस्त्याला वळताच वास येतो. आपल्याकडे दळण नेतो, अगदी तसेच तिथले लोक भाजलेले कोको, साखर, बदाम आणि दालचिनी आपल्या घरच्या प्रमाणात मोजून घेतात आणि समोर दळून घेतात. पहिल्या दळणीला भुकटी निघते, पुन्हा साखरेबरोबर दळले की कोकोतले तेल सुटून चकचकीत, गरम लगदा बाहेर येतो. आमच्या पुढे एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी दालचिनी दोनदा वाढवायला लावली आणि मग बोटाने चाखून मान हलवली. आम्ही एक किलो दळून घेतले, त्याच्या वड्या थापल्या, आणि त्या नाशिकपर्यंत उत्तम आल्या. दुधात किंवा पाण्यात घुसळून प्यायचे हे चॉकलेट आहे, नुसते चघळले तर साखर दाताखाली येते. विमानतळावरच्या दुकानात सुबक डब्यात मिळणाऱ्या चॉकलेटाच्या निम्म्याहून कमी पैसे लागले, आणि कोणाशी घासाघीस करावी लागली नाही. व्हॅनिलाचा अर्क मात्र जपून घ्यावा. पर्यटकांच्या बाजारात अगदी स्वस्तात मोठ्या बाटल्या मिळतात, त्यात पुष्कळदा कुमारिन नावाचे द्रव्य असते आणि अमेरिकेत ते खाद्यपदार्थात घालण्यास बंदी आहे. खरी व्हॅनिला व्हेराक्रूझ राज्यातल्या पापांत्लाच्या परिसरातली, आणि ती स्वस्त असूच शकत नाही.

आपल्या माध्यमातून मराठी सहल कंपन्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. मेक्सिकोच्या कार्यक्रमपत्रिकेत हस्तकला केंद्राला भेट असे लिहिलेले असते, तेव्हा ते दालन आहे की कारागिराचे घर, आणि वाटाड्याला तिथे वाटा मिळतो की नाही, हे प्रवाशांना आधी सांगावे. पाऊण तासाऐवजी अर्धा दिवस गावासाठी ठेवावा. आमच्या त्या ओळखीच्या कुटुंबाने शेवटी कोणता तापेते घेतला, असे कोणी विचारील म्हणून सांगते: त्यांनी 4800 चाच घेतला, पूर्ण पैसे देऊन, कारण दुसरा शेजारी पाहिल्यावर त्यांना तो घेववला नाही. बाईंनी तो गुंडाळताना एका कोपऱ्यातल्या दशा पुन्हा सोडून नव्याने गाठवल्या, कारण एक गाठ त्यांच्या मनासारखी बसली नव्हती.

शेवटी एका दुरुस्तीकडे लक्ष वेधते. लेखात विणकरांच्या गावाचे नाव तेओतिउआकान असे छापले गेले आहे. तेओतिउआकान म्हणजे पिरॅमिडांचे प्राचीन नगर, ते मेक्सिको सिटीपासून ईशान्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. विणकरांचे गाव तेओतित्लान देल व्हाये, ते वाहाका राज्यात, मेक्सिको सिटीपासून रस्त्याने साडेचारशे किलोमीटरहून अधिक दूर. स्पॅनिश लिपीत वाहाका हे नाव ‘ओ’ने सुरू होते आणि त्यात ‘एक्स’ हे अक्षर येते, त्यामुळे नकाशावर शोधतानाही गोंधळ होतो. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, म्हणजे विणकाम पाहण्यासाठी निघालेले वाचक पिरॅमिडांपाशी उतरणार नाहीत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिक